भागोजी नाईक आणि मुंबईचा पहिला पोलीस आयुक्त

मुंबईच्या पोलीस आयुक्तांची यादी काढली की पहिलं नाव येतं फ्रँक साउटर याचं. १८६४ ते १८८८, सलग चोवीस वर्षं तो त्या खुर्चीवर होता. आजच्या आयुक्ताला दोन वर्षं मिळाली तरी पुष्कळ झाली असं खात्यात म्हणतात. साउटरची नोंद बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच थांबते: पहिला आयुक्त, दीर्घ कारकीर्द, पुढे 'सर' हा किताब. मुंबईला जाण्याआधी तो आमच्या नगर जिल्ह्यात भिल्लांच्या बंडावर नेमलेला पोलीस अधिकारी होता, आणि त्याच्या नावाचा बोलबाला झाला तो ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नरजवळच्या मिठसागरे गावाकडे झालेल्या लढाईमुळे. त्या लढाईत भागोजी नाईक मारले गेले. भागोजी नाईकांनी बंड केलं हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक आहे. बंडाआधी ते नगर पोलिसांत हुद्द्यावर होते, हे मात्र फार थोडे सांगतात.

मी नगर जिल्हा पोलीस दलातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. संगमनेर, अकोले, राहुरी, कोपरगाव हा सगळा भाग माझ्या पायाखालचा. साउटर आणि भागोजी नाईक यांच्याबद्दल मी जे वाचलं ते एका पोलिसाने वाचावं तसं वाचलं. कुणाची बाजू खरी हे पाहण्याआधी मी पाहतो की कागद काय होता, हुकूम कुणाचा होता, पगार मिळत होता का, आणि पहिली गोळी सुटायच्या आधी कोण काय म्हणालं.

आधी हद्दीचं सांगतो, कारण पोलिसाचं सगळं हद्दीवर चालतं. पुणे-नाशिक रस्त्याने संगमनेर सोडलं की कऱ्हे घाट लागतो. घाट ओलांडून पुढे नांदूर शिंगोटे. आज ते नाशिक ग्रामीणच्या हद्दीत आहे. घाटात गाडी उलटली की कोणत्या ठाण्याने पंचनामा करायचा यावर बिनतारीवर किती बोलणी चालायची ते आम्हाला माहीत. १८५७ साली हा प्रश्नच नव्हता. नाशिक जिल्हा झाला १८६९ साली. तोवर सिन्नरचा मुलूख नगरच्या कलेक्टराखाली आणि नगरच्याच पोलिसांकडे होता. म्हणून भागोजी नाईकांची गोष्ट नाशिककर सांगतात तेवढीच ती नगरची आहे.

जिल्ह्याला एक पोलीस अधीक्षक ही पद्धत तेव्हा नवी होती. त्याआधी मामलेदार आणि गावचा पाटील हेच पोलीस. गावात जागल्या असायचा आणि डोंगरकपारीच्या मुलखात नाईक असायचे, भिल्लांचे आणि कोळ्यांचे. घाट राखायचे, चोरीचा माग काढायचा, आणि त्याबद्दल गावाकडून ठरलेला हक्क घ्यायचा, असा तो व्यवहार होता. इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तिथे आयरिश पोलिसांच्या धर्तीवर वेगळं पोलीस दल उभं केलं. तोच नमुना १८५०च्या दशकात मुंबई इलाख्यात आला. गोरा अधीक्षक, त्याच्याखाली पगारी शिपाई, आणि वर कलेक्टर. जुन्या नाईकांपैकी काहींना या नव्या दलात घेतलं. ज्यांना डोंगराची वाट न् वाट ठाऊक, त्यांनाच पट्टा बांधणं शहाणपणाचं होतं. भागोजी नाईक असेच आले.

१८५५ साली त्यांच्यावर दंगा करणं आणि पोलिसांच्या कामात अडथळा आणणं असा गुन्हा शाबीत झाला आणि त्यांना शिक्षा झाली. शिक्षा भोगून सुटल्यावर त्यांच्याकडे एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला. तेवढ्यात १८५७ उजाडलं आणि लोकांकडची हत्यारं काढून घेण्याचा हुकूम निघाला. भागोजी नाईकांनी गाव सोडलं, सुमारे पन्नास माणसं जमवली आणि नांदूर शिंगोट्याजवळ पुणे-नाशिक रस्ता नजरेत राहील अशा डोंगरावर ठाण मांडलं.

चांगल्या वर्तणुकीचा जामीन म्हणजे आमची चॅप्टर केस. शांतता भंगेल असं वाटलं तर कलम १०७, सराईत असला तर ११०. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती १२६ आणि १२९ झाली आहेत, पण ठाण्यात अजूनही १०७-११०च म्हणतात. सणासुदीच्या आधी, निवडणुकीच्या आधी यांचे गठ्ठे तयार होतात. मी ते पुष्कळ लिहिलेत. एकदा एका वस्तीवरच्या माणसाला तहसीलदारांपुढे उभं केलं होतं. बंधपत्र लिहून झालं, जामीनदार आणा म्हणून सांगितलं. जामीनदाराकडे सातबारा हवा. त्या माणसाच्या सगळ्या भावकीत कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. ज्याच्या शेतात तो सालाने होता त्या बागायतदाराकडे जाऊन तो दिवसभर ओट्यावर बसून राहिला. संध्याकाळी बागायतदार आला, सही केली, आणि त्या सहीच्या बदल्यात पुढच्या हंगामाची मजुरी कमी ठरली. हे सगळं कायद्यात बसत होतं. कुणी एक पैसा खाल्ला नव्हता. ठाण्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही, कारण हे कुठल्याही ठाण्यात घडतं.

भागोजी नाईकांनी जामीन कुठून आणायचा होता? कालपर्यंत ज्याच्या शब्दावर घाट चालायचा, त्या नाइकाने आता कुठल्या सावकाराच्या ओट्यावर बसायचं होतं? शिक्षा भोगलेल्या माणसाकडे पुन्हा हमी मागणं कायद्याने चूक नव्हतं. पण असला कागद स्वाभिमानी माणसाच्या हातात दिला की काय होतं, हे ज्याने हातात दिला आहे त्यालाच कळतं.

४ ऑक्टोबर १८५७. अधीक्षक लेफ्टनंट जे. डब्ल्यू. हेन्री बातमी मिळताच नांदूर शिंगोट्याला पोचला. हाताशी पोलीस होते, मदतीला सहकारी गोरे अधिकारी होते. आधी गावातून निरोप्ये पाठवले, शरण या म्हणून. भागोजी नाईकांचं उत्तर इंग्रजांच्याच गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे: दोन वर्षांचा थकलेला पगार द्या आणि माझी काहीतरी सोय लावून द्या, त्याशिवाय येत नाही. दिल्लीच्या बादशहाचं नाव त्यात नाही, पेशवाईचंही नाही. पोलिसातल्या माणसाने पगार मागितला होता. निरोप आल्यावर हेन्रीने हल्ल्याचा हुकूम दिला. डोंगरावरून गोळ्या सुटल्या, हेन्री पुढे सरसावला आणि पडला.

हेन्री भित्रा नव्हता. पण खाली उघड्यावर आपण, वर खडकाआड बंदूकवाले, आणि बोलणी एका फेरीत तुटलेली, अशा वेळी घाई करू नये हे आज नव्या उपनिरीक्षकालाही शिकवतात. घेराव घालावा, पाणी तोडावं, गावातले वडीलधारे पुन्हा वर पाठवावेत. त्याने एक दिवस थांबायला हवं होतं. एक दिवस थांबला असता तर कदाचित तो वाचला असता, आणि पुढची दोन वर्षं नगरच्या डोंगरात जी माणसं मेली ती मेली नसती.

कारण त्यानंतर वणवा पेटला. राहुरीकडे पाथर्जी नाइकाने शंभरेक भिल्ल उभे केले. १८ ऑक्टोबरला अकोले तालुक्यातल्या समशेरपूरच्या डोंगरात चकमक झाली, तिथे गोरे अधिकारी जखमी झाले. मग सरकारने जुनाच डाव टाकला. डोंगरातल्या माणसांवर डोंगरातलीच माणसं घातली. कॅप्टन नटॉलने कोळ्यांची पलटण उभी केली. अकोल्याचं डांगाण, जुन्नरचा मावळ, तिकडचे महादेव कोळी तीत भरती झाले. याच डांगाणातल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्यांना इंग्रजांनी २ मे १८४८ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं होतं. दहा वर्षं उलटली नव्हती, आणि त्याच डोंगरातली तरणी पोरं सरकारची बंदूक घेऊन उभी राहिली. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पोटाला पगार लागतो, आणि त्या मुलखात पगार देणारं दुसरं कोणी नव्हतं.

या पलटणीचं वर्णन गॅझेटियरमध्ये मोठ्या कौतुकाने केलेलं आहे. गर्द हिरवं पागोटं, हिरवा अंगरखा, गुडघ्यापर्यंत गडद लाल धोतर, पायात वहाणा. तंबू नाहीत, सामानाची जनावरं नाहीत. शिधा, दारूगोळा, अंथरूण सगळं पाठीवर, आणि स्वयंपाकाची भांडी आपसात वाटून घेतलेली. दिवसाला तीस-चाळीस मैल ते डोंगर तुडवायचे. आमच्या वेळी कोंबिंगला निघताना गाडी नाही मिळाली तर आम्ही कुरकुरायचो. ते वाचून मी गप्प झालो.

दोन वर्षं पाठलाग चालला. ५ जुलै १८५९ला संगमनेरच्या आग्नेयेला आंभोरे दऱ्यात नटॉलने टोळीला गाठलं. त्या चकमकीत भागोजी नाईकांचा मुलगा यशवंत पडला. तरीही ते शरण आले नाहीत. ऑक्टोबरात त्यांनी कोपरगावकडे कोऱ्हाळे लुटलं.

इथे साउटर येतो. हा आधी धारवाडला पोलीस अधीक्षक होता. त्याचा बाप इंग्रजांच्या चव्वेचाळिसाव्या पायदळात अधिकारी. १८४२ साली काबूलहून परतताना ती फौज गंडमकला कापली गेली, तेव्हा पलटणीचा झेंडा अंगाभोवती गुंडाळून लढलेला आणि अफगाणांच्या कैदेत पडलेला कॅप्टन साउटर तो हाच. अशा घरातला पोरगा. १८५८च्या मे महिन्यात नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी उठाव केला आणि पोलिटिकल एजंट मॅन्सनला मारलं, तेव्हा त्यांचा माग साउटरने काढला. तोरगलच्या रानात पंढरपूरच्या वारकऱ्यांच्या वेशात निघालेल्या बाबासाहेबांना त्याने २ जूनला पकडलं. १२ जूनला बेळगावात त्यांना फाशी झाली. म्हणजे नगरकडे आला तो माग काढण्यात हात बसलेला माणूस.

मिठसागऱ्याजवळ साउटरला बातमी लागली आणि त्याने वेळ न दवडता टोळीला घेरलं. हातघाईची लढाई झाली. भागोजी नाईक आणि त्यांचे बहुतेक साथीदार तिथे पडले, उरलेले धरले गेले. हेन्रीने जे केलं नव्हतं ते साउटरने केलं होतं. आधी बातमी, मग घेराव, मग हल्ला. पोलिसी कसब म्हणून पाहिलं तर काम चोख होतं, आणि ते मी मान्य करतो. पण त्या दिवशी घेरलेल्यांत एक माणूस असा होता की ज्याचा पगार नगर पोलिसांकडे थकला होता. साउटरची वाहवा करणाऱ्या कोणत्याही मजकुरात हे वाक्य मला सापडलं नाही.

पाच वर्षांत साउटर मुंबईच्या खुर्चीवर बसला. त्याच्या आधी तिथलं पोलीस दल सांभाळत होता चार्ल्स फॉर्जेट, मात्र उपायुक्त म्हणून. इथेच वाढलेला, इथल्या भाषा घरच्यासारख्या बोलणारा, वेश पालटून बाजारात फिरणारा. १८५७च्या दिवाळीसाठी मुंबईतल्या देशी पलटणींत शिजत असलेला कट त्याने असाच ऐकून काढला आणि दोन शिपायांना, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया यांना, एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी दिलं गेलं. वेशांतराची ही रीत मुंबई पोलिसांत फार जुनी आहे. आमच्या नगरला अधीक्षक राहिलेले कृष्ण प्रकाश पुढे पिंपरी-चिंचवडचे आयुक्त झाले, त्यांनी २०२१च्या मे महिन्यात वेश पालटून स्वतःच्याच ठाण्यांत तक्रारदार म्हणून जाऊन पाहिलं होतं. फरक एवढाच की फॉर्जेट लोकांना तपासायला जायचा, इथे साहेब पोलिसांना तपासायला गेले. मला दुसरं जास्त आवडतं.

आयुक्त आणि अधीक्षक यांत फरक काय, हे लोक नेहमी विचारतात, म्हणून सांगतो. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक असतो आणि जिल्हाधिकारी हा जिल्हा दंडाधिकारी असतो. जमावबंदीचा हुकूम, शस्त्राचा परवाना, चॅप्टरमधलं बंधपत्र, या गोष्टी पोलीस मागतात आणि महसूलवाले देतात. दोन वर्षांसाठी कुणाला तडीपार करायचं तर आम्ही प्रस्ताव तयार करायचा, तो प्रांताधिकाऱ्यांकडे जायचा, तिथे सुनावणी व्हायची, मग हुकूम. कधी प्रस्ताव त्रुटी काढून परत यायचा. तेव्हा राग यायचा. आयुक्तालयात यातलं पुष्कळसं पोलिसांच्याच हातात असतं. जमावबंदी आयुक्त काढतो, तडीपारीचा हुकूम तिथले पोलीस उपायुक्त काढतात, चॅप्टर सहायक आयुक्तांपुढे चालते. धरणारा आणि हमी मागणारा एकाच इमारतीत बसतो. मुंबई, कलकत्ता, मद्रास या तीन शहरांसाठी १८५६ साली वेगळा पोलीस कायदा झाला, तिथून ही वाट फुटली. आज महाराष्ट्रात पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक, सोलापूर अशी कितीतरी आयुक्तालयं आहेत. २०१८ला पिंपरी-चिंचवडचं झालं, २०२०ला मीरा-भाईंदर-वसई-विरारचं. आमचा नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरचा, राज्यात क्षेत्रफळाने सगळ्यांत मोठा, आजही एका अधीक्षकाखाली चालतो. शहरासाठी आयुक्तालय हवं अशी भाषा मधून मधून कानावर येते. आयुक्तालयाने काम झपाट्याने होतं हे खरं. तरी प्रांताकडून परत आलेल्या प्रस्तावांनी काही माणसांची घरं वाचवली हेही मी पाहिलं आहे, आणि निवृत्तीनंतर त्या रागाचं मला काही वाटत नाही.

साउटरला मिळालेली मुंबई वेडी झालेली होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, रोज नवी कंपनी निघत होती, रोज जहाजातून माणसं उतरत होती. १८६४च्या शिरगणतीत शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात गेली. १८६५ला यादवी संपली, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. १८७२ला मोजणी झाली तेव्हा वस्ती साडेसहा लाखांच्या आत आली होती. बुडालेल्या शहरात चोऱ्या, फसवणूक, मारामाऱ्या सगळंच वाढतं. रस्त्यावरचा शिपाई मुख्यतः रत्नागिरीकडचा. पगार तुटपुंजा, राहायला खोली महाग, सरकारी घर बहुतेकांना नाही. साउटरने माणसं कमी पडतात, पगार कमी पडतो असं सरकारला पुन्हा पुन्हा लिहिलं. हे वाचून मला त्याच्याविषयी पहिल्यांदा जवळीक वाटली. नगरात थकलेल्या पगाराचं काय होतं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. ते त्याच्या मनात होतं की नव्हतं हे कागदावरून कळायला मार्ग नाही, पण मला वाटतं असावं.

त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यांत गाजलेला तपास मुंबईतला नव्हे, बडोद्याचा. ९ नोव्हेंबर १८७४ची सकाळ. बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर फेरफटका मारून आला आणि नेहमीप्रमाणे ठेवलेलं पपनसाचं सरबत त्याने घोट-दोन घोट घेतलं. जीव घाबरा झाला म्हणून उरलेलं फेकलं, तर पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. मुंबईच्या रासायनिक तपासणीत त्यात सोमल निघाला, आणि काचेची किंवा हिऱ्याची पूड. फेअर आणि महाराज मल्हारराव गायकवाड यांचं हाडवैर होतं. संशय महाराजांवर गेला आणि तपास साउटरकडे आला.

साउटर आपली माणसं घेऊन गेला. खान बहादूर अकबर अली आणि अब्दुल अली हे त्याचे मुंबईचे हुशार तपासनीस. रेसिडेन्सीतला रावजी नावाचा हवालदार डिसेंबरात फुटला आणि त्याने विष घातल्याचं कबूल केलं. मग त्याच्या कमरपट्ट्यात दडवलेली विषाची पुडी निघाली. ती काढली अकबर अलीने, आणि ताबडतोब साहेबांना बोलावून दाखवली. १८७५च्या फेब्रुवारीत सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी सुरू झाली. तिघे इंग्रज, आणि तिघे देशी: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन नावाचा नामांकित वकील आला होता. त्याने त्या पुडीवरच बोट ठेवलं. इतके दिवस झडत्या झाल्या, मग पट्ट्यातली पुडी आजच कशी सापडली? ती पोलिसांनीच ठेवली, असं त्याचं म्हणणं.

ज्याने एकदा तरी जप्ती केली आहे त्याला हा सवाल अंगावर काटा आणतो. आरोपीने काढून दिलेला मुद्देमाल हा आमच्या धंद्यातला सगळ्यांत मोठा पुरावा आणि सगळ्यांत दुबळी जागा. पंच कुठे उभे होते, पुडी कुणाच्या हातात आधी गेली, लाखेचा शिक्का कधी बसला, यातलं एक उत्तर डगमगलं की सगळा खटला डगमगतो. ते काम तेव्हा खरं झालं की खोटं, हे आज छातीवर हात ठेवून कुणी सांगू नये. आयोगाचं मत तीन विरुद्ध तीन पडलं. इंग्रजांना महाराज दोषी वाटले, तिघा देशी सदस्यांना ते पटलं नाही. तरी सरकारने एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलंच. कारण दिलं गैरकारभाराचं. त्यांना मद्रासला पाठवलं आणि नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक घेतला गेला. तेच पुढचे सयाजीराव महाराज. बडोद्याचं भलं झालं यात शंका नाही. पण पोलीस तपास म्हणून बडोद्याचं प्रकरण अर्ध्या आयोगाला पटलं नव्हतं, आणि साउटरच्या कारकिर्दीच्या हिशेबात हे धरायलाच हवं.

बडोद्याच्या प्रकरणाच्या काही महिने आधी मुंबईत पारशी आणि मुसलमानांत दंगल झाली होती. एका पारशी लेखकाच्या पुस्तकातल्या मजकुरावरून फेब्रुवारी १८७४त ठिणगी पडली, पारशांची घरं आणि अग्याऱ्या यांवर हल्ले झाले. पोलीस वेळेत हलले नाहीत, लष्कर उशिरा बोलावलं, अशी पारशी समाजाची तक्रार होती, आणि ती त्यांनी गव्हर्नरपर्यंत नेली. बंडखोरांच्या टोळीला घेरणारा अधिकारी शहरातल्या जमावापुढे कमी पडला. दोन्ही कामांना वेगळी नजर लागते. डोंगरात कोण आपला नि कोण शत्रू हे ठरलेलं असतं. शहरात दगड मारणारा आणि दार लावून घरात बसलेला, दोघंही आयुक्ताचीच माणसं.

तरीही मुंबईकरांत तो आवडता होता असं त्या काळचे लोक लिहितात. एका शहरात चोवीस वर्षं राहिलेल्या अधिकाऱ्याला मोहल्ल्यांची, सणांची, मिरवणुकीच्या वाटांची, शेटजींच्या घरच्या भांडणांची माहिती तोंडपाठ होते, आणि निम्मं काम त्या ओळखीवर निभावतं. आता बदल्यांच्या धबडग्यात ही ओळख हवालदारांकडे उरली आहे. साहेब येतात, जातात, ठाण्याचा जुना हवालदार मात्र सांगतो की अमक्या गल्लीतून मिरवणूक नेऊ नका. क्रॉफर्ड मार्केटसमोरचं जे दगडी मुख्यालय आपण आयुक्तांचं म्हणून ओळखतो, ते साउटरच्या नशिबी नव्हतं. ते १८९६ला तयार झालं. १८८८च्या एप्रिलअखेर तो निवृत्त झाला, निलगिरीला हवापालटाला गेला आणि त्याच वर्षी जुलैत वारला. पेन्शन फार दिवस भोगली नाही. आग्रीपाड्याकडच्या एका रस्त्याला त्याचं नाव आहे.

भागोजी नाईकांना नांदूर शिंगोट्याचे लोक क्रांतिवीर म्हणतात, आणि ते रास्त आहे. माझी तळमळ थोडी वेगळी आहे. नगर पोलिसांचा इतिहास जेव्हा कधी नीट लिहिला जाईल, तेव्हा त्यांचं प्रकरण 'बंडखोर' या मथळ्याखाली सुरू होऊ नये. ते सेवापुस्तकापासून सुरू व्हावं. भरती कोणत्या साली, हुद्दा कोणता, पगार किती, १८५५ला अडथळा आणला तो नेमका कोणत्या कामात, दोन वर्षांची थकबाकी कुणी अडवली आणि कोणत्या कारणाने. इंग्रज कागद जपून ठेवणारे होते. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात त्या काळच्या न्याय खात्याची दप्तरं आहेत, पुण्याच्या पुराभिलेखागारातही शोधायला हवं. हेन्रीच्या मृत्यूनंतर चौकशीचे कागद नक्की झाले असणार. माझी दृष्टी आता त्या बारीक इंग्रजी हस्ताक्षराला पुरत नाही. संगमनेर-अकोल्याकडच्या, त्यातही भिल्ल वस्तीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने हे काम अंगावर घेतलं, तर मुंबईला जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च मी माझ्या पेन्शनीतून देईन.